बेअरग्रीज बघायला जाताय? मग एकाच चेकपॉइंटवर तळ ठोका

जानेवारीचा शेवटचा रविवार जवळ आला की मिनियापोलिस-सेंट पॉलमधली बरीच मराठी कुटुंबं डुलुथचा बेत आखतात. जॉन बेअरग्रीज स्लेड डॉग मॅरेथॉनची, म्हणजे बर्फावरच्या कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतीची, सुरुवात बघायची, फोटो काढायचे, कॅनल पार्कला जाऊन काहीतरी गरम खायचं आणि रात्री जेवायला घरी. पहिल्या वर्षी आम्हीही तेच केलं. शेकडो कुत्र्यांचा एकत्र गलका कानात भरतो, तो अनुभव मोठाच आहे. पण एकेक टीम समोरून जायला दहा सेकंदसुद्धा लागत नाहीत. कुत्री दिसली म्हणेपर्यंत गाडीच्या मागे उभ्या माणसाची पाठ दिसते, आणि आपण पुढच्या टीमची वाट बघत पाय आपटत राहतो.

पुढच्या वर्षी आम्ही सुरुवात सोडून दिली आणि थेट एका चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेत टीम्स विसावतात त्या थांब्यावर, जाऊन सहा तास थांबलो. तिथे मला ही शर्यत पहिल्यांदा दिसली. पळणं तर रानात होतं, ते कोणालाच फारसं दिसत नाही. चेकपॉइंटवर दिसतं ते थांबणं. थकलेल्या कुत्र्यांसाठी मशर, म्हणजे गाडी हाकणारा, गुडघ्यावर बसून काय काय करतो ते. म्हणून माझं सांगणं असं की चार ठिकाणी धावाधाव करू नका. एक जागा निवडा, पहिली टीम यायच्या आधी तिथे पोचा आणि एक तरी टीम येऊन, झोपून, पुन्हा निघेपर्यंत हलू नका. ते कसं जमवायचं, ते पुढे सांगते.

आधी ही शर्यत कोणाची, ते

जॉन बेअरग्रीजचा जन्म १८५८ चा. अनिशिनाबे, म्हणजे ओजिब्वे, समाजातल्या एका प्रमुखाचा तो मुलगा. लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यावर बीव्हर बे इथे घर. १८७९ ते १८९९ अशी वीस वर्षं त्याने टू हार्बर्स आणि ग्रँड मरे यांच्या दरम्यान टपाल पोचवलं. उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात कुत्र्यांच्या गाडीने. आज आपण ज्या हायवे ६१ वरून गाडी पळवतो, तिथे तेव्हा धड रस्ता नव्हता. किनाऱ्यावरच्या वस्त्यांना बाहेरच्या जगाची खबर मिळायची ती या माणसाच्या हातून. १९१० मध्ये तो गेला. त्याच्या नावाने १९८० पासून ही शर्यत होते.

मुख्य शर्यत सुमारे ३०० मैलांची, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या आसपास. तिच्याबरोबर १२० आणि ४० मैलांच्या छोट्या शर्यतीही असतात. रविवारी डुलुथहून निघालेले मॅरेथॉनचे मशर साधारण मंगळवारी, कॅनडाच्या सीमेलगत ओजिब्वे लोकांच्या ग्रँड पोर्टेजला पोचतात. डीडी जोनरो १९८९ मध्ये इथे जिंकली. मिनेसोटाचीच जेमी नेल्सन चार वेळा जिंकली. २०२३ ची इडिटारॉड, म्हणजे अलास्कातली कुत्र्यांच्या गाड्यांची नावाजलेली शर्यत, जिंकणारा रायन रेडिंग्टनही इथला विजेता आहे. तेव्हा गावची जत्रा वाटावी अशी ही शर्यत असली, तरी पळणारी माणसं पट्टीची असतात.

चेकपॉइंट कसा निवडायचा

मार्ग आणि वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे शर्यतीच्या अधिकृत वेळापत्रकावरूनच अंतिम निर्णय घ्या. अलीकडच्या वर्षांतला क्रम साधारण असा राहिला आहे.

हायवे २: टू हार्बर्सच्या उत्तरेला, रानात. मॅरेथॉनवाले रविवारी दुपारी इथे येतात आणि ४० मैलांची शर्यत इथेच संपते. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी डोळे मिटून हाच निवडावा. दिवसाउजेडी सगळं दिसतं, संपणारी शर्यत आणि विसावणाऱ्या टीम्स एकाच ठिकाणी बघायला मिळतात आणि रात्री घरीही परतता येतं.

फिनलंड: नावाप्रमाणेच फिनिश वसाहतकऱ्यांनी वसवलेलं छोटं गाव, हायवे ६१ सोडून थोडं आत. टीम्स रविवारी संध्याकाळी-रात्री येतात. माझी सर्वांत आवडती जागा हीच, पण रात्रीच्या थंडीची तयारी हवी आणि जवळपास मुक्कामाची सोय आधीच केलेली हवी.

सॉबिल आणि गनफ्लिंट ट्रेलवरचं ट्रेल सेंटर: ही ठिकाणं ज्यांना सोमवारी सुट्टी काढता येते त्यांच्यासाठी. गर्दी कमी आणि मशर दमलेले. शर्यत खरोखर कुठे फिरते, ते इथे कळतं. पण मोबाइलला सिग्नल मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.

मिनियापोलिस ते डुलुथ सुमारे अडीचशे किलोमीटर, तिथून टू हार्बर्स आणखी चाळीसेक, ग्रँड मरे डुलुथपासून पावणेदोनशे. उन्हाळ्यातल्या वेळेचा हिशोब हिवाळ्यात धरू नका, दीडपट धरा.

आदल्या आठवड्यात

सर्वांत आधी शर्यत होणार आहे का ते बघा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये बर्फ नसल्यामुळे ती रद्द करावी लागली. वाटेवर पुरेसा दाबलेला बर्फ नसेल तर ब्रेक आणि स्नो हूक, म्हणजे गाडी थांबवायला बर्फात रुतवायचा आकडा, धरत नाहीत, आणि डझनभर कुत्र्यांची ओढ थांबवायला दुसरं काहीही नसतं. त्यामुळे हॉटेल घेताना पैसे परत मिळतील असंच घ्या.

मग गाडी. काच धुण्याचं पाणी उणे तापमानात न गोठणारं आहे ना ते बघा, पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, डिकीत फावडं, दोन ब्लँकेटं, टॉर्च आणि जंपर केबल टाका. निघायच्या सकाळी राज्याच्या ५११ सेवेवर रस्त्याची स्थिती बघा. संध्याकाळी हायवे ६१ वर हरणं आडवी येतात, तेव्हा वेग आवरा.

शर्यतीचा थेट नकाशा घरूनच उघडून ठेवा. प्रत्येक गाडीवर जीपीएस ट्रॅकर असतो, त्यामुळे कोणती टीम किती मैलांवर आहे ते कळतं. सिग्नल जाण्यापूर्वी स्क्रीनचे फोटो काढून घ्या. टीम्स ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास चालतात, एवढ्या आधारावर पुढची टीम कधी येईल त्याचा अंदाज तुम्हाला कागदावरही बांधता येतो. मी मशरचा बिब नंबर (अंगावरच्या कापडावरचा क्रमांक), नाव आणि निघाल्याची वेळ असा एक कागद खिशात ठेवते. तो कागद फोनपेक्षा जास्त कामाला आला आहे.

काय घालायचं

इथे काटकसर नको. उणे २० फॅरनहाइट, म्हणजे उणे २९ सेल्सियस, हे तापमान त्या भागात जानेवारीत नवल नाही. शिवाय तुम्ही चालणार नसता, उभे राहणार असता. चालताना पुरणारे कपडे उभं राहताना पुरत नाहीत. अंगालगत लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर जाड फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट आणि स्नो पँट. सुती काहीही नको, आतला बनियनसुद्धा नको. सूत घाम धरून ठेवतं आणि थांबलात की तोच घाम गार पडतो.

पायांकडे सर्वांत जास्त लक्ष द्या, कारण थंडी खालून चढते. एक नंबर मोठे बूट घ्या म्हणजे जाड मोजे घालूनही बोटं हलतील. घट्ट बुटात दोन मोजे घातले तर रक्त पोचत नाही आणि पाय उलट लवकर गारठतात. एक साधी युक्ती: योगाची जुनी चटई कापून तिचा चौकोन बरोबर न्या आणि त्यावर उभे राहा. पुठ्ठाही चालतो. हातांना पाच बोटांच्या मोज्यांवर मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र राहणारे जाड हातमोजे, चढवा, आणि मिटन दोरीने मनगटाला बांधलेलेच असू द्या. का ते पुढे येईल.

शिदोरी

शर्यत संक्रांत आणि रथसप्तमीच्या अवतीभवती येते, त्यामुळे घरात तिळगूळ असतोच. तीळ आणि गूळ या थंडीत उत्तम, फक्त लाडूचा डबा आतल्या खिशात ठेवा, नाहीतर दात पडतील इतके ते घट्ट होतात. दशम्या आणि धपाटे मऊ राहतात, मिटन न काढता धरता येतात. थर्मासमध्ये चहापेक्षा मी कढण नेते, मुगाचं, आलं आणि मिरं घालून. तासाभराने अर्धा कप घेतला तरी अंगात ऊब राहते.

आपल्या शिदोरीतलं काहीही कुत्र्यांना देऊ नका. चॉकलेट आणि मनुका त्यांना विषारी आहेत, आणि दुसरं काही चालत असलं तरी त्यांचं खाणं मशर मोजून देत असतो. खाऊ सांडला तर वेचून उचला.

पोचल्यावर

गाडी स्वयंसेवक दाखवतील तिथेच लावा. रस्त्याच्या कडेला लांब रांग लागते, अर्धा-पाऊण किलोमीटर चालायची तयारी ठेवा. घरचा कुत्रा कितीही गुणी असला तरी घरीच ठेवा. शर्यतीच्या कुत्र्यांचं लक्ष उडतं, गुंता होतो, चावाचावी होते.

मग सगळा परिसर एकदा फिरून बघा. पिकअप ट्रकवर बसवलेल्या लाकडी पेट्या दिसतील, एकेका कुत्र्याला एकेक कप्पा. त्या मशरच्या मदतनिसांच्या गाड्या. गवताच्या पेंढ्या रचलेल्या दिसतील. पशुवैद्यांचा तंबू कुठे, वेळ नोंदवणारे कुठे, आत यायची वाट कुठली आणि बाहेर पडायची कुठली, हे सगळं टीम यायच्या आधी ठरवून घ्या. नंतर वाट ओलांडता येत नाही.

उभं कुठे राहायचं? रस्ता ओलांडण्याच्या जागी चांगली दृश्यं मिळतात. स्वयंसेवक डांबरावर फावड्याने बर्फ पसरतात, गाड्या थोपवतात आणि टीम त्या पांढऱ्या पट्ट्यावरून पलीकडे जाते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र कधीच थांबू नका, गाडी तिकडेच फेकली जाते. सगळे एकाच बाजूला उभे राहा. पुढच्या कुत्र्यांना दोन्हीकडे माणसांची भिंत दिसली की ती बिचकतात.

आता मिटनची गोष्ट. एका वर्षी माझ्या मुलीचा हातमोजा वाटेवर पडला आणि ती उचलायला वाकली. शेजारच्या स्वयंसेविकेने तिला दंड धरून मागे ओढलं, कारण टीम वळणावर आली होती. हातमोजा गेला. मागच्या जोडीतल्या एका कुत्र्याने तो पळता पळता तोंडात घेतला आणि पन्नास पावलांवर मशरला गाडी थांबवून तो काढून घ्यावा लागला. पळणारी कुत्री वाटेतलं काहीही गिळतात आणि हातमोजा आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. त्या दिवशी मला खरी शरम वाटली. तेव्हापासून आमच्या घरात मिटनला दोरी असते.

टीम येते तेव्हा

सुरुवातीच्या रेषेवर गोंगाट करणारी हीच कुत्री पळताना पूर्ण गप्प असतात, हे पहिल्यांदा जाणवतं तेव्हा अंगावर काटा येतो. रात्री तर आधी झाडांमधून मशरच्या डोक्यावरच्या दिव्याचा ठिपका दिसतो, मग कुत्र्यांचे चमकणारे डोळे, मग बर्फावर घासणाऱ्या गाडीचा आवाज. कोणीतरी “टीम!” म्हणून ओरडतं आणि सगळे मागे सरकतात.

सर्वांत पुढे लीड डॉग, एक किंवा जोडी. हुकूम ऐकून वळतात ते हेच. त्यांच्या मागे स्विंग, मध्ये टीम डॉग्स आणि गाडीला लागून व्हील डॉग्स, जे अंगाने जरा दणकट असतात. ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे, ‘हाइक’ म्हणजे चला, ‘ऑन बाय’ म्हणजे तिकडे बघू नका, पुढे व्हा. लगाम नसतो, सगळं आवाजावर चालतं. म्हणून टीम समोर असताना आपण ‘चला चला’ ओरडायचं नाही, शिट्टी मारायची नाही. फ्लॅश बंद, हेडलॅम्प जमिनीकडे. टाळ्या टीम पुढे गेल्यावर.

कुत्री बघून पुष्कळांची निराशा होते, कारण निळ्या डोळ्यांचे केसाळ सायबेरियन हस्की मनात असतात. बहुतेक टीम्स अलास्कन हस्कींच्या असतात. सडपातळ, लांब पायांचे, जेमतेम वीस-पंचवीस किलोचे, रंगाने कसेही. त्यांना जातीवंत कोणी म्हणत नाही, पिढ्यान् पिढ्या निवडलं ते पळण्यासाठी. उणे वीस सेल्सियस त्यांना सुखाचं असतं. उन्हं चढली की ती तापतात, म्हणून कसलेले मशर रात्रीच्या धावेवर भर देतात.

पुढचा एक तास, ज्यासाठी आलो

इथून हलू नका. दोरीच्या अलीकडे, शांत उभं राहून एकच टीम निवडा आणि तिच्याकडेच बघत राहा.

नोंदणीच्या जागी कुत्री मोजली जातात आणि सक्तीचं सामान तपासलं जातं. मग टीम ठरलेल्या जागी नेऊन मशर स्नो हूक बर्फात पायाने ठोकतो. पुढची पहिली हालचाल चुकवू नका: तो प्रत्येक कुत्र्याच्या कमरेमागची ओढदोरी सोडतो. ती सुटली की कुत्र्यांना कळतं, काम थांबलं. काही तिथल्या तिथे बसतात. मग पायांतल्या कापडी बुट्या निघतात. बारा कुत्री, अठ्ठेचाळीस बुट्या, त्याही उघड्या बोटांनी, कारण मिटन घालून ते जमत नाही. मग गवत येतं. पेंढी सोडून पसरली की कुत्री त्यावर दोन-तीन गिरक्या घेतात, मुटकुळं करतात आणि शेपटीने नाक झाकतात.

आता खाणं. आधी गोठलेल्या मांसाचा किंवा माशाचा तुकडा, मग गरम पाण्यात मांस आणि कोरडं खाद्य कालवलेलं पातळ जेवण. थंडीत नुसतं पाणी कुत्री पीत नाहीत, म्हणून पाण्याला मांसाची चव लावतात. लांब शर्यतीत एका कुत्र्याला दिवसाला दहा हजार कॅलरीच्या आसपास लागतात. कोण अधाशासारखं खातंय आणि कोण तोंड फिरवतंय, याकडे मशरचं बारीक लक्ष असतं. न खाणारं कुत्रं ही पहिली धोक्याची खूण. मग पंजे. बोटांच्या बेचक्या उघडून बघणं, मलम चोळणं, मनगटं दाबणं, थकलेल्यांना कोट चढवणं. हे सगळं उरकेपर्यंत तासभर जातो आणि तोवर मशरने स्वतः घोटभर पाणीही घेतलेलं नसतं. त्याची झोप उरलेल्या वेळातली, तास-दोन तास मिळाली तर नशीब.

मी साताऱ्याकडची. आमच्या यात्रेत बैलगाडा शर्यती बघतच माझी आई म्हातारी झाली. तिला या शर्यतीचं सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, “मुक्या जिवांना कशाला पळवतात गं?” प्रश्न रास्त आहे, आणि इथेही तो अनेकजण विचारतात. मी तिला फोनवर पशुवैद्यांचं काम दाखवलं. ते प्रत्येक कुत्र्याजवळ बसतात, छातीला स्टेथोस्कोप लावतात, मानेवरची कातडी चिमटीत धरून पाणी कमी झालंय का ते बघतात, हिरड्यांचा रंग बघतात, खांदा-मनगट वाकवून दुखतंय का ते तपासतात. नोंद वहीत होते. शंका आली की ते कुत्रं तिथेच थांबतं आणि ट्रकमध्ये जातं. त्याच्या जागी नवं घेता येत नाही, पुढची वाट उरलेल्यांनीच ओढायची. आईचं पूर्ण समाधान झालं नाही. पण ती म्हणाली, “बघायचं तर हेच बघ.” तुमच्याही मनात तो प्रश्न असेल तर उत्तर शोधायला चेकपॉइंटइतकी उघडी जागा दुसरी नाही. पशुवैद्य मोकळे दिसले तर विचारा, ते मनापासून बोलतात. मशरला मात्र तो कामात असताना हाक मारू नका. त्याने मान वर करून बघितलं तर बोला.

निघणं

सक्तीची विश्रांती मिनिटाच्या हिशोबात संपते, त्यामुळे निघायची वेळ आधी कळते. नोंदणीच्या फळ्यावर ती बघून पंधरा मिनिटं आधी बाहेरच्या वाटेवर या. मशर पुन्हा अठ्ठेचाळीस बुट्या चढवतो. कुत्री उठतात, आळस देतात, अंग झाडतात. मग ओढदोऱ्या लागतात आणि तासन् तास गप्प असलेली ती जागा एकदम पेटते. उड्या, भुंकणं, दोरीला हिसके. मदतनीस गाडी धरून ठेवतात, वेळ मोजणारा आकडे उलटे म्हणतो, हूक निघतो आणि दहा पावलांत पुन्हा पूर्ण शांतता.

कधी टीम उठत नाही. लीड डॉग बसून राहतो, मशर वाकून त्याच्याशी बोलतो, पुढची जोडी बदलून बघतो. कधी तो तिथेच शर्यत सोडतो, त्याला स्क्रॅच म्हणतात. अशा वेळी फोन खिशात ठेवा.

मोकळी सुटलेली टीम, म्हणजे मशर पडून गाडी पुढे आलेली, दिसली तर समोर उडी मारून लीड डॉगला धरायला जाऊ नका. मागची कुत्री आणि गाडी त्याच्या अंगावर येतात. बाजूला व्हा आणि स्वयंसेवकांना जोरात हाक द्या.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एवढंच: दर पाऊण तासाला गाडीत नेऊन त्यांचे बूट काढून बोटं तपासा. पोरं बघण्यात रंगली की थंडी वाजतेय हे सांगत नाहीत. बोटं पांढरी, बधिर दिसली तर चोळू नका, काखेत किंवा पोटाशी धरून गरम करा.

दोन-तीन वर्षं बघून झाल्यावर स्वयंसेवक म्हणून नाव द्या. रस्ता ओलांडण्याच्या जागा सांभाळायला, गवत वाहायला, नोंदणीला माणसं लागतातच, हॅम रेडिओवाले, म्हणजे हौशी बिनतारी संदेशवालेही लागतात. गेल्या खेपेला मी फिनलंडला रात्री दोन वाजता बर्फाचं फावडं घेऊन उभी होते. चार टीम्स यायच्या बाकी होत्या आणि कागदावरच्या हिशोबाने पुढची टीम वीस मिनिटांवर होती.